उभ्याने एक कटिंग

"एक ते दहामध्ये किती?" असं सिस्टरांनी विचारलं की अप्पा म्हणत, "नऊ."

दर खेपेला नऊ. रोज सकाळी वजन कराल, याची खात्री किती? नऊ. मीठ कमी कराल? नऊ. कोपऱ्यापर्यंत चालून याल? नऊ. एकदा रुग्णालयातून परतताना लेकीने विचारलं, "नऊच का हो अप्पा?" तर म्हणाले, "दहा म्हटलं की फुशारकी वाटते. आठ म्हटलं तर त्या बाईला वाईट वाटणार. नऊ कसं, बेताचं."

अप्पांचं हृदय दमलं होतं. डॉक्टर वरच्या मजल्यावर बसत. ते छाती ऐकत, गोळ्या वरखाली करत आणि पुढच्या रुग्णाला हाक मारत. मग जिना उतरून मागच्या बाजूला, एक्स-रेच्या खोलीपलीकडे, सिस्टरांकडे जायचं. तिथे तीन खुर्च्या होत्या. टेबल भिंतीला लावून ठेवलेलं होतं, बोलताना मध्ये काही येऊ नये म्हणून. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन आणि वर आरसा. सिस्टरांचं काम एवढंच, की रुग्णाला काय हवंय ते त्याच्याच तोंडून काढून घ्यायचं आणि त्याला स्वतःला जमेल असं काहीतरी लहानसं ठरवायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "मी हुकूम सोडणार नाही. तुम्ही सांगायचं, मी मदत करणार."

अप्पांना हे फार आवडलं. त्यांचा सगळा जन्म दुसऱ्यांना "कसे ठेवू?" असं विचारण्यात गेलेला. दोन खुर्च्यांचं सलून होतं त्यांचं. एक कारागीर ठेवलेला असे, पण जुनी गिऱ्हाइकं अप्पांच्याच खुर्चीसाठी बाकावर ताटकळत बसत. अप्पांचा धंद्यातला नियम एकच होता, खुर्चीत बसलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही. एकजण म्हणाला सरकार चोर आहे, तर हो. त्याच्यामागून आलेला म्हणाला असं सरकार पुन्हा होणे नाही, तर त्यालाही हो. लहानपणी लेक या गोष्टीवर चिडायची. अप्पा म्हणायचे, "अगं, वस्तरा आपल्या हातात असतो. आपणच वाद घातला तर समोरच्याने कुठे जायचं?"

दुकानात आता मोबाइल दुरुस्त करणारा बसत होता. घरात ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक ग्रंथालयात नोकरी करायची. अप्पांचा आजार कळल्यावर तिने त्या विषयावर हाताला लागेल ते वाचून काढलं आणि तेव्हापासून सिस्टरांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तीच देऊ लागली.

"झोप कशी लागते, अप्पा?"

"तीन उशा लागतात, सिस्टर. सपाट झोपलं की धाप लागते."

"ताई, उशा तुम्हाला लागतात की त्यांना?"

अप्पा गालात हसत. "सरकार बोलतंय, बोलू द्या. नाहीतर घरी गेल्यावर माझी खैर नाही."

लेकीला ते 'सरकार' म्हणत. चौथीत असताना तिने दुकानाच्या दारावर 'पायपुसण्याला पाय पुसा' असा कागद चिकटवला होता, तेव्हापासून.

सगळ्यात महत्त्वाचं ठरलं होतं ते वजन. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं आणि ते डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला कळतं. म्हणून सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, वजन करायचं. दोन-चार दिवसांत काटा दोन किलोंनी वर गेला तर लगेच सिस्टरांना फोन, म्हणजे लघवीची गोळी वाढवता येते. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. ते ऐकल्यावर अप्पा म्हणाले होते, "कमाल आहे सिस्टर. मी जन्मभर लोकांची पाणी लावून केली, आणि तुम्ही माझी बिनपाण्याने करताय." सिस्टर इतक्या हसल्या की बाहेरच्या बाकावरच्या रुग्णाने आत डोकावून पाहिलं.

वजनकाटा न्हाणीघरात बेसिनच्या शेजारी ठेवला. रोज सकाळी आतून आवाज येई, "कालचंच!" लेक दर आठवड्याला सिस्टरांना फोन करून कळवी. फोन अप्पांच्या कानाशीही धरी. "शाब्बास, अप्पा!" पलीकडून आवाज येई आणि अप्पांचा चेहरा असा खुले, की जणू कुणी नवं गिऱ्हाईक पहिल्यांदाच येऊन म्हणालं, आता दुसरीकडे जाणार नाही.

या दरम्यान अप्पांनी बूट घालणं सोडलं होतं. चपला बऱ्या वाटतात म्हणाले. मोजे मात्र दिवसभर पायात. ग्रंथालयातून दमून आलेली लेक काट्याचा आकडा विचारी, तो ठीक असे आणि तिचा जीव भांड्यात पडे. तिने वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत त्या आकड्याचं महत्त्व सांगितलेलं होतं. मोजे काढून बघायचं तिला सुचलं नाही.

एका दुपारी अप्पा दुधाची पिशवी घेऊन जिन्यात बसलेले शेजारणीला सापडले. बोलता येत नव्हतं. ओठ शाईसारखे दिसत होते.

वॉर्डात त्यांच्या नाकातोंडावर मास्क बांधला. तो हवा आत ढकलायचा आणि अप्पा दोन्ही हातांनी तो ओढून काढायला बघायचे. छातीला तारा चिकटवायच्या म्हणून कुणीतरी घाईने तिथले केस काढले, कोरड्या अंगावर, एकदा वापरून टाकायच्या वस्तऱ्याने. लेक पडद्याच्या फटीतून बघत होती. अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. जन्मभर लोकांच्या गालांना साबण चोळून, बोटांनी मऊ करून मगच वस्तरा लावणाऱ्या माणसाच्या छातीवर ओरखडे उठले होते आणि ते पुसायचीही कुणाला सवड नव्हती. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्याभोवती पडदा ओढला तरी पडद्याखालून पाय दिसत होते, येणारे, जाणारे आणि मग नुसते उभे असलेले.

मास्क निघाल्यावर अप्पा पहिलं वाक्य बोलले ते असं, "या वेळी खरंच बिनपाण्याने केली गं." ती हसली नाही. तेही हसले नव्हते.

वॉर्डातल्या काट्यावर त्यांचं वजन घरच्यापेक्षा कितीतरी जास्त भरलं होतं. लेकीला वाटलं, घरचा काटा बिघडला. घरी आल्यावर तिने तो बदलून आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा न्हाणीघरात गेले, पण अशक्तपणामुळे दार ओढून घ्यायचं विसरले. ती पाठीमागे येऊन उभी राहिली. अप्पा काट्यावर उभे होते आणि त्यांचा उजवा तळहात बेसिनच्या कडेवर टेकला होता. नुसता टेकला नव्हता. कोपर ताठ होतं, दंडाची शीर फुगली होती.

"अप्पा, हात."

"काय?"

"बेसिनवरचा हात काढा."

हात निघाला. काटा पुढे सरकला आणि थरथरत तिथेच थांबला.

"कधीपासून चाललंय हे?"

"तोल जातो गं माझा."

"कधीपासून, अप्पा?"

अप्पा काट्यावरून खाली उतरले. वजन करताना मोजे काढायला लागत, म्हणून पाय उघडे होते. ती पहिल्यांदाच ते पाय बघत होती. मोज्याची वीण कातडीवर उमटली होती.

"ती बाई किती खूश व्हायची फोनवर," अप्पा म्हणाले. "तूही व्हायचीस."

पुढच्या भेटीत तिने सिस्टरांसमोर सगळं ओकून टाकलं. हात, मोजे, खिशातले खारे शेंगदाणे, कोपऱ्यापर्यंत कधीच न गेलेलं चालणं. अप्पा शाळेतल्या पोरासारखे मांडीवर हात ठेवून बसले होते. सिस्टरांना त्या दिवशी सर्दी झाली होती. हातातल्या रुमालाची त्या घडी घालत होत्या, मोडत होत्या.

"म्हणजे अप्पा, इतके दिवस तुम्ही मला गिऱ्हाइकासारखं वागवलंत," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो," अप्पा म्हणाले.

"तुम्ही त्यांना जरा कडक शब्दांत सांगा ना," लेक म्हणाली. "माझं ऐकत नाहीत."

"कडक बोलले तर ते काय करतील, ताई?"

 ते हो म्हणतील, हे लेकीलाही माहीत होतं.

"मीही चुकलेच," सिस्टर म्हणाल्या. "आकडा चांगला आला की शाब्बास म्हणत गेले. आकडा वाईट आला तरी मला सांगा, असं एकदाही बोलले नाही." मग त्यांना सटासट शिंका आल्या. त्या उठल्या, बेसिनकडे गेल्या, नळ सोडून हात धुऊ लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मला काय आवडेल ते सोडा आता. तुम्हाला काय हवंय?"

अप्पा खुर्चीच्या हाताला धरून उठले. लेकीला वाटलं, निघाले की काय. पण ते हळूहळू बेसिनपर्यंत गेले आणि सिस्टरांच्या मागे उभे राहिले. आरशात दोघं दिसू लागली, सिस्टर पुढे, अप्पा त्यांच्या खांद्यावरून बघत. अप्पा माणसांशी बोलत आले होते ते असंच, मागे उभं राहून, आरशातल्या चेहऱ्याशी. सिस्टर भेटेपर्यंत समोरासमोर खुर्ची टाकून त्यांना कुणी कधी काही विचारलंच नव्हतं.

"केस कुणी कापले तुमचे?" त्यांनी आरशाला विचारलं.

"मीच. घरी."

"डावीकडे खाली आलेत."

"येऊ देत. तुम्ही बोला."

"मला परत त्या वॉर्डात जायचं नाही."

लेकीने तोंड उघडलं. सिस्टरांनी आरशातूनच तिला बोट दाखवलं, थांबा. नळ चालूच होता.

"बरं. आणि?"

"आणि वकिलाची कटिंग राहिलीय."

वकील म्हणजे अप्पांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दुकान उघडलं त्या वर्षीपासूनचं. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते दोन गल्ल्या पलीकडे चाकाच्या खुर्चीत बसून होते. मुलाने एकदा घरीच मशीन फिरवायला घेतलं, तर त्यांनी त्याच्यावर तांब्या उगारला. केस आता कॉलरवर आले होते आणि त्यांची सून रस्त्यात भेटली की म्हणे, "आमचे मामंजी तुमची वाट बघत साधू होणार."

"बसून कापता येतील का?" सिस्टरांनी विचारलं.

"बसून?" अप्पांचा आवाज चढला. "बसून भाजी चिरतात. केसांना चारी बाजूंनी फिरावं लागतं. उभ्याने एक कटिंग, बास. एवढंच मागणं आहे."

"खात्री किती वाटते? एक ते दहामध्ये?"

अप्पा बराच वेळ आरशात बघत राहिले.

"चार," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही. तीन."

सिस्टरांनी नळ बंद केला. "तीन का? एक का नाही?"

"हात अजून बरोबर आहे म्हणून. पाय दगा देतात. थोडं उभं राहिलं की छातीत भरून येतं."

"आणि तिनाचं चार व्हायचं असेल तर?"

"हिने मध्ये बोलणं बंद केलं तर होईल."

सिस्टर हसल्या, पण लेकीला ते हसू सहन झालं नाही. "हे काय ध्येय झालं का?" ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "लोक इथे येऊन सांगतात नातवंडांबरोबर खेळायचंय, डोंगर चढायचाय. आणि तुम्ही म्हणता, वॉर्ड नको आणि एका म्हाताऱ्याचे केस कापायचेत. आणि मग पुढे काय?"

"तुमचं काय आहे, ताई?" सिस्टरांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

"ते राहावेत," ती म्हणाली. "बाकी मला काही नको."

"ऐकलंत, अप्पा?"

"रोज ऐकतो," अप्पा म्हणाले. त्यांनी आरशाकडे बघणं सोडलं नव्हतं. "म्हणून तर आकडा खाली ठेवत होतो."

नंतर वरच्या मजल्यावर डॉक्टरांसमोर तिघं बसली. डॉक्टर वाईट माणूस नव्हता, फक्त घाईत होता. त्याने सरळ सांगितलं, हृदयाचं काम फार थोडं उरलंय. पुन्हा असं झालं तर वॉर्डात नेऊन कदाचित यातून बाहेर काढता येईल, कदाचित नाही. न्यायचं नसेल तर घरी धाप कमी करणारं औषध देता येतं, त्रास होऊ देणार नाही. पण मग दिवस कमी मिळतील. किती, असं लेकीने विचारलं, तर त्याने खांदे उडवले नाहीत, आकडाही सांगितला नाही. "काका, तुमचं काय म्हणणं?" त्याने विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं," अप्पा ताबडतोब म्हणाले.

सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. "अप्पा," त्या म्हणाल्या, "इथे आरसा नाहीये. तरी सांगा."

अप्पांनी खिडकीकडे तोंड वळवलं आणि सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. लेकीच्या बोटांत केसपेपरची पावती होती, ती तिने इतकी बारीक फाडली की खाली वाकून कपटे वेचावे लागले.

पुढचे दिवस विचित्र गेले. घरात कधी नव्हे ते खरं बोलणं सुरू झालं होतं आणि खरं ऐकायला गोड नसतं. सकाळी न्हाणीघरातून आवाज येई, "वाढलंय!" सिस्टर फोनवर म्हणत, "बरं झालं सांगितलंत," गोळी वाढवत. मोजे गेले. शेंगदाणे गेले नाहीत. "रोज मूठभर खाणार, मूठ लहान करीन," असं अप्पांनी फोनवर स्वतःच सांगितलं, आणि सिस्टरांनी ते मान्य केलं. लेकीला हा सौदा अजिबात पटला नाही. पण मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं.

संध्याकाळी ती ग्रंथालयातून आली की स्वयंपाकघरातली खुर्ची खिडकीपाशी ओढायची आणि बसायची. अप्पा मागे उभे राहायचे. एक हात खुर्चीच्या पाठीवर. दुसऱ्या हातातली कात्री तिच्या केसांपासून वीतभर अंतरावर हवेत चालवायचे. कचकच, कचकच. दमले की थांबायचे. सिस्टरांनी सांगितलं होतं, दम लागायच्या जरा आधीच बसायचं, लागल्यावर नाही. अप्पांना ते जमत नसे. ते लागल्यावरच बसत, आणि मग पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे श्वास घेत.

"आज किती, अप्पा?"

"साडेतीन."

"अर्धा कसला?"

"दोन्ही कानशिलं झाली. मागची मान राहिली."

तिचे स्वतःचे केस पिकायला लागलेत, हे त्यांनी याच दिवसांत पाहिलं. बोलले काही नाहीत. एकदा फक्त कंगवा त्या जागी जरा जास्त रेंगाळला.

वकिलांकडे गेले तो रविवार होता. दोन गल्ल्यांसाठी रिक्षा केली. सुनेने मामंजींची खुर्ची कपाटाच्या आरशासमोर आणून ठेवली होती, अंगावर जुनी चादर गुंडाळली होती. चादरीतून फक्त डोकं बाहेर, पांढरं आणि पिंजारलेलं.

"आलास का? मला वाटलं, आधी तू जातोस की मी," वकील म्हणाले.

"तुझ्या तारखा कधी वेळेवर लागल्यात?" अप्पा म्हणाले. "मान सरळ ठेव. कसे ठेवू?"

"डोक्यावर ठेव म्हणजे झालं."

अप्पांनी कात्री उघडली. कात्री केसांत शिरली तेव्हा त्यांचे खांदे खाली आले, जणू इतके दिवस कुणीतरी ते वर ओढून धरले होते. ते डाव्या कानावरून सुरू करून वर गेले, कंगव्याने केस उचलत, बोटांच्या चिमटीत धरत. पांढरे पुंजके चादरीवरून घसरत जमिनीवर पडत होते. वकील कुठल्याशा जुन्या खटल्याबद्दल बोलत होते आणि अप्पा "हो," "हो ना," म्हणत होते. लेक त्यांच्या मागे उभी होती. तिने हात पुढे केला होता, पण टेकवला नव्हता. शर्टाच्या पाठीवर घामाचा डाग वाढत चालला होता.

उजव्या बाजूला येताना अप्पांनी खुर्चीचं हँडल पकडलं. "हो" म्हणणं थांबलं. वकीलही बोलायचे थांबले. मग नुसती कात्री ऐकू येत होती आणि त्या आवाजाच्या मध्येमध्ये अप्पांचा श्वास, ओल्या कापडातून ओढल्यासारखा. सून दारातून लेकीकडे बघत होती. खुर्ची पुढे करावी असं लेकीला शंभरदा वाटलं. बसा आता, एवढे दोन शब्द तिच्या जिभेवर होते. ती गिळत राहिली.

दोन्ही बाजू झाल्या. वरचं झालं. मागची मान राहिली होती, वकिलांच्या कॉलरवर आलेले केस तसेच लोंबत होते. अप्पांनी कंगवा तिथे नेला आणि हात थांबला.

"झालं का रे?" वकिलांनी आरशात विचारलं.

अप्पांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"नाही," ते म्हणाले. "मागचं राहिलंय. मला नाही जमणार."

वकिलांनी आरशात स्वतःचं डोकं इकडून तिकडे वळवून पाहिलं. "मागे कोण बघतंय," ते म्हणाले. "मी तर पाठ टेकून बसलेला असतो." मग म्हणाले, "बस आता. तुझे पाय बघवत नाहीत."

अप्पा बसले. सुनेने चहा आणला, तो निवून गेला. दोघं म्हातारे कपाटाच्या आरशात एकमेकांकडे बघत बराच वेळ बसून राहिले, आणि त्यांचं काय बोलणं झालं म्हणाल तर काहीच नाही.

त्यानंतर काटा रोज वर जात राहिला. गोळी वाढवून झाली, दुसरी गोळी जोडून झाली. लघवी होईना. सूज पोटरीवरून मांडीवर आली. मग अप्पांना काट्यावर उभं राहणंच जमेना आणि सिस्टर म्हणाल्या, आता राहू द्या. त्या स्वतः दोनदा घरी येऊन गेल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी औषधाची बाटली दिली, किती थेंब, कधी, ते लेकीला समजावून सांगितलं. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "मन बदललं तर बदललं. त्यात काही चूक नाही. त्यांचंही बदलू शकतं, तुमचंही."

त्या सकाळी अप्पा खाटेच्या कडेला बसले होते. पुढे स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर कपाळ. पाठ वरखाली होत होती. लेकीने सिस्टरांना फोन लावला. ओठांचा रंग सांगितला, श्वास सांगितला.

"मी निघते," सिस्टर म्हणाल्या. "पण मला पोचायला वेळ लागेल. औषध चालू करा. आणि ताई, विचारायला हवं म्हणून विचारते. गाडी पाठवू का? पाठवली तर ती माझ्या आधी पोचेल."

लेक खोलीच्या दारात उभी होती. गाडी आली असती तर मास्क आला असता, तारा आल्या असत्या, कदाचित आणखी महिना आला असता. महिना म्हणजे किती संध्याकाळी, तिच्या मनात आलं. तिने अप्पांकडे पाहिलं. विचारायची खोटी होती. ती म्हणाली असती, "अप्पा, जाऊ या ना, माझ्यासाठी," तर त्यांनी मान हलवली असती. हो म्हणाले असते. तिला नाही म्हणणं त्यांना या जन्मात जमलं नव्हतं, आणि आता तर बोलायलाही श्वास नव्हता. हो मिळवणं फार सोपं होतं.

तिने विचारलं नाही.

"गाडी नको," ती फोनमध्ये म्हणाली. "तुम्ही या."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "निघाले."

तिने थेंब मोजून पाण्यात टाकले, चमच्याने अप्पांच्या ओठांशी नेले. थोडं आत गेलं, थोडं हनुवटीवरून खाली आलं. तिने ते पुसलं. थोड्या वेळाने श्वासाची धडपड किंचित सैल झाली आणि त्यांनी उशीवरून डोकं वळवलं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"सिस्टर. येतायत."

"गाडी?"

"नाही सांगितली."

अप्पांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला वाचता आलं नाही. बरं वाटलं असेल, किंवा भीती वाटली असेल, किंवा नुसता थकवा असेल. पुढे कितीतरी वर्षं ती ते वाचायचा प्रयत्न करणार होती. त्या वेळी तिने एवढंच केलं, की जमिनीवर त्यांच्या पायांशी बसली आणि ते थंडगार, फुगलेले पाय मांडीवर घेतले. बोटाने दाबलं की तिथे खळगा पडत होता आणि भरून यायला वेळ लागत होता. सिस्टरांच्या चपलांचा आवाज जिन्यात येईपर्यंत ती ते पाय धरून बसली होती. त्या आधीच केव्हातरी उशीवर वाकलेली पाठ हलायची थांबली होती, आणि तिने मान वर करून पाहिलं नव्हतं.